चौदा मीटर अलीकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली तेव्हा हे माझ्याजवळच राहिलं. सांगायचं अनेकदा ठरवलं. मग वाटायचं, आज नको, आज घरात माणसं आहेत. आज नको, आज तिचं डोकं दुखतंय. अशी सात वर्षं काढली. आता वयाची एकाहत्तर उलटून गेली आणि ज्या बाईला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, ती मागच्या वर्षी मातीत गेली. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही. ते बरं आहे.

मी देवधर. मूळचा पुण्याचा, पण आता चाळीसएक वर्षं इंग्लंडात. शिकलो इमारती, पण नोकरीत वाट्याला आली झाडं. मिल्टन कीन्स नवं वसत होतं तेव्हा तिथल्या राउंडअबाउटवर काय लावायचं, कार पार्कच्या कडेला कोणती झुडपं टिकतील, हे मी ठरवत असे. काम वाईट नव्हतं. पण राउंडअबाउटवरच्या झाडांकडे कोण बघतं? लोक त्यांना वळसा घालून निघून जातात. पंचवीस वर्षं मी वळसा घालण्याजोग्या जागा आखल्या.

मग निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ते काम आलं. गावाबाहेर एक जुनं शेत होतं, उतारावरचं. एका धर्मादाय संस्थेला तिथे दफनभूमी करायची होती, पण नेहमीसारखी नाही. दगड नाहीत, क्रॉस नाहीत, नावं नाहीत. माणूस पुरायचा आणि त्यावर एक झाड लावायचं. शंभर वर्षांनी तिथे नुसतं रान असेल. कोण कुठे आहे ते फक्त संस्थेच्या नकाशावर राहील — कोणत्या खुंटीपासून किती मीटर, एवढंच.

मी त्या कामात बुडालो. वर एक सभागृह — अर्धं टेकाडात शिरलेलं, छपरावर गवत, पुढे ओकचे ओबडधोबड खांब, सरळ रांगेत न लावलेले, जणू रानातलीच झाडं आत यायला निघाली आहेत. इमारत कुठे संपली आणि रान कुठे सुरू झालं ते कळू नये, ही माझी खटपट. आणि सभागृहाच्या दारातून खाली तळ्यापर्यंत एक मोकळा, गवताचा पट्टा. दोन्ही बाजूंना रान, मधे काही नाही. दुःखी माणसाने दारात उभं राहावं आणि त्याची नजर कुठेही न अडता पाण्यापर्यंत जावी. त्या पट्ट्यात एकही झाड येणार नव्हतं. आयुष्यात मी एक रेघ चांगली ओढली, ती ही. असं मला वाटायचं.

काम अर्धवट असतानाच पहिला माणूस आला. एझ्रा थळकर.

वॉटफर्डला राहणारे, आपल्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मुंबईतून इथे आलेले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं. त्यांच्या समाजाची दफनभूमी लंडनला आहे, पण त्यांनी बायकोला बजावून ठेवलं होतं, 'जन्मभर ओळी लावल्या, मला ओळीत ठेवू नको.' ही बायको म्हणजे फ्लोराबाई. मूलबाळ नाही. ठेंगणी, सत्तरीची, तपकिरी कोट, आणि बोलणं असं की माझगावातून कालच आल्या आहेत. संस्थेच्या ऑफिसात माझं नाव ऐकलं आणि इंग्रजी अर्धवट सोडून म्हणाल्या, "अहो देवधर, मग इतका वेळ मला कशाला एक्सक्यूज मी करायला लावलंत?"

तिथे सभागृहाचा नुसता पाया होता. रस्ता नव्हता, झाडं नव्हती. नोव्हेंबर. दोन हजार एकचा. आणि धुकं — इतकं की शेताचं कुंपणही जेमतेम दिसत होतं. खड्डा खणायला एका ठेकेदाराचा माणूस मशीन घेऊन आला होता, त्या एका दिवसापुरता. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. मोजायचं होतं सभागृहाच्या कोपऱ्यावरच्या लाल खुंटीपासून. त्या शेतात लाल खुंट्या दोन होत्या. दुसरी गटारवाल्यांनी ठोकलेली, तात्पुरती. मी तिच्यापासून मोजलं, आणि फ्लोराबाईंसमोर एझ्राला तिथे पुरलं.

ही चूक. चूक कुणाचीही होते. मला जे सांगायचं आहे ते हे नाही.

तीन आठवड्यांनी मोजणीदाराचा पक्का नकाशा टपालाने आला. मी तो टेबलावर पसरला, हातात चहा होता. मोकळ्या पट्ट्याच्या अगदी मधोमध त्याने एक लहानसा आयत काढला होता आणि लिहिलं होतं — इथे माती उकरलेली दिसते. मी माझा कागद त्याच्यावर ठेवला. एझ्रा असायला हवा होता पश्चिमेच्या रानात. तो होता चौदा मीटर अलीकडे. माझ्या रेघेवर.

त्या क्षणी मी काय करू शकत होतो? फोन उचलू शकत होतो. बाई, माझी चूक झाली, तुमचे यजमान इथे नाहीत, तिथे आहेत — झाड तिथे लावू. एवढंच. त्यांनी कदाचित हसून टाकलं असतं. पट्ट्यात एक झाड आलं असतं. एक झाड — त्याने काय बिघडलं असतं? पुढे मी स्वतःला समजावत आलो की बाईंना धक्का नको, पुन्हा उकरायची परवानगी, कागदपत्रं, त्या वयात तो ताप नको, म्हणून गप्प बसलो. खोटं आहे ते. उकरायची गरजच नव्हती. मी गप्प बसलो ते रेघेसाठी.

दोन दिवसांनी माती सपाट करणारे आले. मशीनवाल्याने तो उंचवटा दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, चाचणीचा खड्डा आहे, बुजवलेला. दफनभूमी करण्याआधी जमिनीत पाणी किती खोल आहे ते पाहायला असे खड्डे घेतातच. त्या शेतात पाच-सहा घेतले होते. त्याने मान हलवली आणि वरून मशीन फिरवलं. मी बघत उभा होतो. दुपारी मी पश्चिमेच्या बाजूला, नकाशातल्या जागी, फावड्याने माती ओढून एक लांबट उंचवटा केला. हाताने थापला. मला ते चांगलं जमलं. हेही सांगायला हवं — मला ते करताना हात चांगला बसल्याचं समाधान वाटलं होतं.

फेब्रुवारीत फ्लोराबाई झाड लावायला आल्या. तोवर शेताचं रूप पालटलं होतं. हजारो रोपं लावली होती आणि प्रत्येकाभोवती सशांपासून राखायला पांढरट प्लास्टिकची नळी. लांबून बघावं तर दगड टाळण्यासाठी केलेल्या त्या दफनभूमीत जिकडेतिकडे पांढरे दगडच उभे. बाई थबकल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी कुंपण माझ्या डाव्या हाताला होतं, नाही का? आणि इतकं जवळ नव्हतं." मी म्हणालो, धुक्यात अंतर कळत नाही. त्यांनी मान डोलावली. माझ्या त्या उंचवट्यावर गुडघे टेकून त्यांनी एक रोवनचं रोप लावलं, लाल फळांचं. मग पर्समधून एक खडा काढून त्याच्या बुंध्याशी ठेवला. "आमच्यात फूल नाही ठेवत, खडा ठेवतात. आलो होतो, एवढं कळावं म्हणून." संस्थेच्या नियमात असं काही ठेवायला बंदी होती — तो नियम मीच लिहिला होता. मी म्हणालो, तुम्ही ठेवा, कुणी काढणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्याला त्या माझा चांगुलपणा समजल्या.

त्या दर महिन्याला येत. वॉटफर्डहून ट्रेन, मग टॅक्सी. मी अनेकदा तिथे असे, कारण सभागृहाचं काम चालू होतं, आणि खरं सांगायचं तर त्या येणार असल्या की मला घरी बसवत नसे. त्या झाडाशी बोलत. कुजबुजत नव्हे, चांगल्या मोठ्याने — शेजारणीने डस्टबिन कुठे ठेवला, मटणाचा भाव, कौन्सिलचं पत्र. आणि बोलता बोलता मधेच थांबून मागे बघत. मागे मोकळा पट्टा, गवत, दुसरं काही नाही. दुसऱ्या वर्षी एकदा म्हणाल्या, "देवधर, हसू नका. मी इथे पुढे बघून बोलते, आणि हा मेला ऐकतो पाठीमागून."

मी काय केलं? मी त्यांना रचना समजावून सांगितली. म्हणालो, ही जागाच तशी आखली आहे, समोर दाट आणि मागे उघडं, त्यामुळे माणसाला पाठीशी कुणी असल्यासारखं वाटतं. मराठीत सांगितलं, शांतपणे, उदाहरणं देऊन. त्या म्हणाल्या, "हुशार आहात."

तुम्हाला वाटेल, एवढं लपवल्यावर जमीन तरी गप्प बसली असेल. नाही बसली. पुरलेल्या जागेची माती दोन-तीन वर्षं खाली बसत राहते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पट्ट्याच्या मधोमध एक खळगा धरू लागला — माणसाएवढा. मी गाडीतून मातीची पोती नेऊन तो भरला. पुन्हा बसला. पुन्हा भरला. गवताचं बी टाकलं. तर कडक थंडीत सकाळी सगळा पट्टा हिमकणांनी पांढरा व्हायचा आणि तेवढा आयत हिरवा राहायचा, कोपऱ्यांसकट. दोन हजार तीनच्या त्या भयंकर उन्हाळ्यात उलटं झालं — सगळं गवत गव्हाच्या काडासारखं पिवळं पडलं, आणि मधे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, गर्द. मी तिथे उभा राहिलो, म्हणजे बघणाऱ्याला माझे पाय दिसावेत, गवत नाही. दोन तास उभा होतो. दुरून कुणीतरी हात केला, मी पण केला.

या भागात मुंटजॅक म्हणून एक बुटकं हरीण असतं, कुत्र्यासारखं भुंकतं. त्यांना रोपांच्या आडोशाला बसायला हवं असतं. एक मादी उघड्यावर येऊन नेमकी त्या जागी बसे. मी टाळ्या वाजवून उठवायचो; मी पाठ फिरवली की पुन्हा तिथेच. आणि माणसं. शवपेटी खांद्यावर घेऊन लोक खालून, तळ्याकडून, पट्ट्यातून वर यायचे. निम्म्यावर चढ जरा कमी होतो. तिथे ते थांबत आणि खांदा बदलत. कुणी सांगितलेलं नसताना. प्रत्येक वेळी. चढामुळेच असणार, मी आखलेला चढ, मला माहीत आहे. पण वरून दारातून बघताना मला वाटायचं, प्रत्येक मेलेला माणूस एझ्राची भेट घेऊन पुढे जातो आहे आणि हे त्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त एक बाई सोडून.

त्या पट्ट्याचं कौतुक झालं. लांबून माणसं बघायला येत, फोटो काढत. मला बोलायला बोलावत. एका तरुण मुलीने विचारलं, ही मधली शांतता तुम्ही कशी साधलीत? मी उत्तर दिलं. दहा मिनिटं दिलं.

मग त्या दिवसाकडे यायला हवं. मी वळसा घालतो आहे, ते माझ्याही लक्षात येतंय.

दोन हजार सातचा सप्टेंबर. रोवन उंच झाला होता, फळांनी लगडलेला. बाई काठी घेऊन आल्या होत्या, दम लागत होता. शेजारची जागा त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःसाठी राखून ठेवली होती. झाडाच्या बुंध्याला टेकून म्हणाल्या, "एक विचारते, रागावू नका. तो नक्की इथे आहे ना?"

अशी माणसाला सरळ संधी कितीदा मिळते? आसपास कुणी नव्हतं. मला खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलो असतो तरी त्यांना समजलं असतं. मी म्हणालो, "हो. मी स्वतः मोजलंय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "मला त्याच्या डाव्या बाजूला ठेवा. बेचाळीस वर्षं डाव्या बाजूला झोपले. उजवीकडे गेले तर मला रात्रभर झोप नाही येणार, आणि त्याला पण नाही येऊ देणार." आणि हसल्या. मी नकाशावर पेन्सिलीने खूण केली. त्यांच्यासमोर. डाव्या बाजूला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांना तिथे पुरलं. देवळातून — त्यांच्यात सिनेगॉगला देऊळच म्हणायचे — सातआठ माणसं आली होती. खड्डा खणणारा लेन म्हणून आमच्याकडचा कायमचा माणूस होता, गप्प, कामाचा पक्का. सकाळी त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, जोडीच्या कबरीत आपण खणतो तेव्हा शेजारच्या बाजूची माती भुसभुशीत लागते, ढासळते, म्हणून मी फळ्या आणल्या होत्या. लागल्याच नाहीत. ती बाजू भिंतीसारखी उभी आहे. ही माती कधी कुणी हलवलेलीच नाही.

मी म्हणालो, चिकणमाती आहे, सहा-सात वर्षांत घट्ट बसली असेल. लेनने तीस वर्षं कबरी खणल्या होत्या. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं," आणि फळ्या परत ट्रकमध्ये ठेवायला गेला.

मी खड्ड्यात डोकावलो. उजव्या हाताची भिंत गुळगुळीत, निळसर, मशीनच्या दातांचे ओरखडे सोडले तर अखंड. तिच्यापलीकडे कुणीही नव्हतं. त्या बाईंना मी तिथे उतरवू दिलं. लोकांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. परत जाताना सगळे पट्ट्यातून खाली गेले, निम्म्यावर क्षणभर थांबले, तळ्याकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, किती सुंदर जागा निवडली दोघांनी.

आता नकाशावर मी लाल शाईने खरी जागा दाखवली आहे, कोणती खुंटी, किती मीटर, कोणत्या दिवशी, आणि कुणाला काय सांगितलं ते सगळं लिहून खाली सही केली आहे. तो कागद सोमवारी संस्थेकडे जाईल. पुढे ते काय करतील तो त्यांचा प्रश्न. बाईंचं कुणी उरलेलं नाही. हे सात वर्षांपूर्वी केलं असतं तर त्याला काही अर्थ होता.

एकच गोष्ट राहिली, ती दफनाच्या आधीची. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे मला कसलीच सबब सापडत नाही. ना चूक, ना धुकं, ना रेघ.

एप्रिलमध्ये बाई वॉटफर्डच्या हॉस्पिटलमध्ये होत्या. नर्सने फोनवर सांगितलं, थोडे दिवस आहेत. मी सांगायचंच असं ठरवून निघालो. एम-वन हायवेवर गाडीत मी ते वाक्य मोठ्याने म्हणत होतो, पुन्हा पुन्हा, शब्द बदलून. वॉर्डात शिरलो तेव्हा त्या जाग्या होत्या, शुद्धीवर. खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "फ्लोराबाई—"

त्या माझ्याकडे बघत होत्या. घाई नव्हती त्यांना. त्यांनी वाट पाहिली. खरोखर वाट पाहिली. मला त्यांचा चेहरा आठवतो, भुवया जरा वर, जशी आपण मुलाला बोलायला सवड देतो. काहीतरी येतंय हे त्यांना कळलं होतं. कदाचित काय येतंय तेही. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

त्या जरा वेळाने "द्या" म्हणाल्या. मी पेला धरला, दोन घोट प्यायल्या आणि डोळे मिटले. मी तासभर बसून परत आलो.

जे म्हणायचं होतं ते एवढं होतं: फ्लोराबाई, एझ्रा त्या झाडाखाली नाही. तो चौदा मीटर अलीकडे आहे, गवताखाली. मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. मी तुम्हाला त्याच्यापासून दूर केलं. माझं चुकलं.